आसरा देणारा दारात बसतो

माझी शेवटची पोस्टिंग काश्मीरच्या डोंगरात होती. मी नेकनूरचा, भानुदास सिरसाळ्याचा. मी नाईक, तो लान्स नाईक, पण भरती एकाच दिवशी झालेली, म्हणून एकमेकांना अरे-तुरे. माझ्या घरी शेती, त्याच्या घरी मेंढरं. मेंढपाळ रानात उतरले की आमच्या घरचे आधी कणसांवर नजर ठेवायचे. संशय मला घरातूनच मिळाला. फौजेनं फक्त रायफल दिली.

बंकरला मी एकदा आसरा म्हणालो. भानुदासनं लगेच अडवलं.

"त्यो निवारा बे. वारं, गोळी निवारतो. आसरा माणूस देतो. आलेला आत बसतो अन् देणारा दारात. आमच्यात तसंच हाय."

आमच्या गावचे मास्तर म्हणतात, आसरा हा शब्द आश्रयावरून आला आणि त्याच्या मुळाशी टेकणं आहे. कुणाला तरी टेकायचं, म्हणजे आधी विश्वास टाकायचा. इथंच माझं घोडं पेंड खायचं.

एका दुपारी गस्तीवर आम्हाला गारांनी गाठलं. दगडी खोपटातून एका म्हाताऱ्या मेंढपाळानं हाक मारली. मला ती हाक आवडली नाही. बंदूकवाल्यांना आपणहून घरात कोण घेतं? माणूस एकटा आणि चुलीवर पातेलंभर चहा. त्याचं कुत्रंसुद्धा आमच्यावर भुंकलं नाही. मी झडती घेतली. काहीच सापडलं नाही, तेव्हा संशय आणखी वाढला.

म्हाताऱ्यानं आम्हाला चुलीपाशी बसवलं आणि स्वतः उंबऱ्यावर, गारांच्या तोंडाशी जाऊन बसला.

"खुणा करतोय त्यो. आत ओढ त्याला," मी म्हणालो.

"कावून एवढा संशय बे? आपल्या आडवा बसलाय त्यो."

तेवढ्यात रेडिओ खरखरला. "समोरच्या डोंगरधारेवर दोन संशयित. कव्हर घ्या. ओव्हर."

मी रायफल म्हाताऱ्याकडं वळवली. त्याच क्षणी धारेवरून पहिली फैर दारावर आली. भानुदासनं म्हाताऱ्याला आत ढकललं आणि त्याच्या जागी पालथा पडून फायर उघडला. मी झरोक्यातून. बाहेरचा फायर थांबला तेव्हा भानुदासही थांबला होता.

"वन कॅज्युअल्टी. ओव्हर." एवढंच मी बोललो. रडलो नंतर, ट्रकमध्ये, पोरासारखा.

माझं चुकलं असं मी म्हणणार नाही. संशय घेणं माझी ड्यूटी होती. आजही घेईन.

सुट्टीत सिरसाळ्याला गेलो. भानुदासच्या आईला सगळं सांगितलं. बाई माझ्याकडं रोखून बघत होती.

"मला बरं वाटावं म्हणून सांगतूस का?"

"न्हाई मावशी. खरं हाय."

"त्यो म्हातारा जित्ता हाय?"

"हाय."

तिनं पदरानं डोळे पुसले. "मग त्याला सांगावा धाड. म्हणावं, सिरसाळ्यात भानुदासचं घर हाय. कवाबी ये, तुला आसरा हाय."