तलावाच्या फेरीत पाहण्याचा कार्यक्रम

बाबा आयुष्यात कधी विनाकारण चालले नाहीत. शाळेत मास्तर होते तेव्हाही नांदुऱ्याच्या बाजारात कोथिंबीर आणायला सायकल काढायचे. त्यामुळे हिवाळ्यातल्या एका शनिवारी ते म्हणाले, "उद्या जंगलात जाऊ. तलावाले एक चक्कर मारायची, लहानशीच वाट हाय," तेव्हा मी कान टवकारले.

मी बँकेत नोकरी करते आणि लग्न केलेलं नाही. पाहण्याचे कार्यक्रम मात्र पोटभर झाले. शेवटचा झाला त्या दिवशी मी बाबांकडून शब्द घेतला होता, की आता मला कोणासमोर बसवायचं नाही. शब्द मोडलात तर बदली मागून निघून जाईन, हेही बजावलं होतं. आई गेल्यापासून घरात आम्ही दोघंच. एकमेकांवर भरवसा होता म्हणून ते घर चाललं होतं.

सकाळी उठले तर फोडणीचा वास. चहापलीकडे काही न येणारा माणूस पोहे करत होता, शेंगदाणे तळून बाजूला काढत होता. मिशांना कलप, शर्टाला कडक इस्त्री. पिशवीत डोकावले तर स्टीलच्या चार प्लेटा.

"आपण दोघंच ना?"

"हाव. राहू दे जास्तीच्या, कायले काढते?"

मी कपाट उघडलं आणि मुद्दाम कोपराला विटलेला जुना ड्रेस घातला. येणाऱ्याला काय पाहायचं ते पाहू दे म्हटलं.

गाडी मी चालवत होते. मोताळा मागे पडलं, घाट चढलो, बाबा सारखा फोन पाहत होते आणि मी विचारलं की वेळ पाहतो म्हणत होते. मनगटावर घड्याळ होतं.

वाट खरंच सोपी होती. फाटकापासून निघायचं, तलावाला वळसा घालून परत फाटकापाशी. सागाची वाळलेली पानं पायाखाली एवढी वाजत होती, की मागून कोणी आलं असतं तर आपोआप कळलं असतं. तरी मी वळून वळून पाहत होते. गळ्यात दुर्बीण अडकवलेला एक तरुण भेटला. मी त्याला असं काही पाहिलं, की बिचारा पक्षी सोडून निघून गेला. पळसाच्या आडोशाला लंगूर होता, त्याचाही मला क्षणभर संशय आला.

अर्ध्या वाटेवर झाडी विरळ झाली आणि पाणी दिसलं. काठाला मोहाच्या झाडाखाली एक बाई बसल्या होत्या, साठीच्या आसपासच्या, सुती साडी आणि पायात बूट. शेजारी माझ्याच वयाचा एक माणूस.

"अरे, तुमी पण इकडंच?" बाबा म्हणाले. शाळेच्या गॅदरिंगमध्ये पाठ केलेलं वाक्य म्हणावं तसं.

माझं डोकं सणकलं. बाबांनी शब्द मोडला होता, तोही तोंडावर खोटं बोलून. तो माणूस नमस्कार करून म्हणाला, "तुमी बँकेत हाय ना?"

"हो. स्वयंपाक येत नाही, शिकायची इच्छा नाही, आणि मी बदली मागते आहे."

तो गोंधळला. "मले काऊन सांगता, ताई? माह्यं लग्न झालं हाय. मी तं मावशीले घेऊन आलो." मग आवाज खाली आणून म्हणाला, "मावशी मलकापूरले राह्यते. काका जाऊन लय वर्षं झाले. सर म्हणे, पोरीनं मावशीले पाह्यल्याशिवाय लग्नाची गोष्ट पुढं नेणार नाही."

मी वळले. बाबा त्या बाईंसमोर पोह्यांची प्लेट दोन्ही हातांनी धरून उभे होते. आमच्या बैठकीत अनोळखी लोकांसमोर मी उभी राहायचे, अगदी तसेच. त्यांना मान वर करवत नव्हती. बाईंनी प्लेट घेतली, पण त्या बाबांकडे पाहतच नव्हत्या. माझ्याकडे पाहत होत्या, आणि घाबरलेल्या होत्या.

म्हणजे शब्द मोडलेला नव्हता. तरी माझा राग गेला नाही. उलट शंका नव्याने सुरू झाल्या. या कोण, यांना काय हवंय, आमच्या घरात शिरून काय बदलणार? उरलेल्या वाटेवर मी त्यांच्या बाजूने चालत राहिले आणि मुलाकडच्या मंडळींनाही सुचले नसते असे प्रश्न विचारले. घरी कोण कोण आहे, गुडघे दुखतात का, रागीट आहात का. त्यांनी सगळ्याची उत्तरं दिली. शेवटी एवढंच म्हणाल्या, "विचारा तुमी. न विचारता मनात ठेवाल तं मले जास्त भेव वाटंल."

फाटकाशी ते दोघं गेले. बाबा गाडीत बसेनात.

"मला घरातून काढायचंय का?" मी विचारलं. मला भीती वाटत होती, ती मी रागात दडवत होते.

"तू लग्न कर का नको करू, घर तुह्यंच हाय," बाबा म्हणाले. "पण तू सकाळी जाते, दिवे लागल्यावर येते. दिवसभर मी कोणाशी बोलू?"

मी इतकी वर्षं समजत होते की बाबांना सोबत आहे. ती सोबत मी आहे, असं समजत होते. त्यांनी तक्रार म्हणून नाही, नुसतं विचारलं होतं.

"पुढच्या रविवारी त्यांना घरी बोलवा," मी म्हटलं.

बाबांनी माझ्याकडे निरखून पाहिलं. "खरं सांगून राह्यली का? का माह्या मनासाठी?"

"खरं."

ते तेव्हा अर्धंच खरं होतं. बाबांनाही ते कळलं असावं, पण त्यांनी पुन्हा विचारलं नाही, घाईघाईने गाडीत बसले.