सातव्या होलचं तळं

दादा शिडीवरून पडला तेव्हा पडदेवाली मखमलीवर गुडघे टेकून बसली होती. नाटकघरांचे पडदे शिवणं हे तिचं काम. जुन्या गोदामाच्या दुसऱ्या मजल्यावर लांबच लांब लाकडी जमीन, वर उंच छत, छताजवळ खिडक्यांची रांग, आणि खाली जमिनीवर सोळा-सोळा मीटरचे गर्द लाल पट्टे पसरलेले. कारखान्यातल्या सहा जणी पायांत नुसते मोजे घालून त्या लाल पाण्यावरून चालल्यासारख्या चालत. मखमलीची लव सगळीकडे एकाच दिशेला वळलेली लागते, नाहीतर दिव्यांच्या उजेडात पडद्यावर डाग पडल्यासारखं दिसतं. म्हणून ती तळहाताने हळूहळू लव बघत जायची. ही बाई घाई करताना कुणी पाहिली नव्हती. दादा तर तिला लहानपणापासून ‘गोगल’ म्हणायचा, गोगलगाईतला गोगल.

दादा काचा बसवायचा. पडला तो फार उंचावरून नाही, पण उजव्या खांद्यावर पडला. शस्त्रक्रिया झाली, पट्टा निघाला, व्यायाम झाले, तरी हात छातीच्या वर जाईना.

दोघं बहीण-भाऊ वीस वर्षं गावाबाहेरच्या नऊ होलांच्या मैदानावर गोल्फ खेळत आले होते. श्रीमंतांचं मैदान नव्हे ते. कुणीही यावं, खेळावं, जाताना चिखलाचे बूट नळाखाली धुवावेत, असं. पानगळ सुरू झाली की तिथे जोड्यांची स्पर्धा व्हायची. जोडीला चेंडू एकच. तो दोघांनी आळीपाळीने मारायचा. पहिला, तिसरा, पाचवा अशा विषम होलांवर सुरुवात एकाने करायची, सम होलांवर दुसऱ्याने. विषम होल नेहमी दादाचे, कारण सातवा होल विषम होता, आणि सातव्यावर समोर तळं होतं. उजवीकडे कुंपण, डावीकडे दाट झाडी; वळसा घ्यायला वाट नाही. चेंडू एकशे तीस मीटर हवेतून गेला तरच पलीकडचा काठ. दादा तो लीलया गाठायचा. तिचा चेंडू शंभर मीटरवर दमून खाली उतरायचा, पण ग्रीनवर, म्हणजे भोकाभोवतीच्या बारीक कापलेल्या गवतावर, आली की सुईत दोरा ओवावा तसा ती चेंडू भोकात घालायची. असं जमून गेलं होतं. एकदा तर ते तिसरे आले होते.

वसंतात नावं द्यायची वेळ आली, तेव्हा दादा म्हणाला, “यंदा राहू दे गं.”

“का?”

“का काय विचारतेस? हात बघतेस ना माझा? सातव्यावर काय, पोहत जायचं?”

“मी मारीन सातव्यावर.”

दादा हसला. वाईट मनाने नाही. लहान मूल म्हणतं ना, मी चंद्रावर जाईन, तेव्हा आपण हसतो तसा. वहिनी चहा गाळत होत्या, त्यांनी मागे वळून दादाकडे असं पाहिलं की त्याने हसू गिळलं. दुसऱ्या दिवशी पडदेवालीने दोघांची नावं देऊन टाकली.

मैदानाच्या कडेला सरावाची जागा होती, तिथे चेंडूंच्या टोपल्या सांभाळायला एक निवृत्त बाई असत. तरुणपणी त्यांनी मुलींना थाळीफेक शिकवली होती. सगळे त्यांना थाळीवाल्या बाई म्हणत. पडदेवालीने त्यांना गाठलं. बाईंनी तिला दहा चेंडू मारायला लावले आणि शेजारी एक डबीएवढं यंत्र ठेवलं. काठी किती वेगाने फिरली ते त्यावर उमटायचं. ताशी एकशे दोन किलोमीटर. पुन्हा एकशे दोन. मग एकशे एक.

“तळं पार व्हायला किती लागेल?” तिने विचारलं.

“एकशे पंधरा धरा. वारा अंगावर असेल तर आणखी थोडा. वय?”

“बावन्न.”

“मग होईल,” बाई म्हणाल्या. का होईल ते काही सांगितलं नाही. एवढंच म्हणाल्या, “जोर नका लावू. जोर लावलात की तुमचे खांदे कानाला लागतात. सुई कशी धरता तुम्ही? दाबून?”

“दाबली तर वाकते.”

“तशीच काठी धरा.”

त्यांनी तिला तीन दांडे दिले. एक नेहमीच्या काठीपेक्षा बराच हलका, एक किंचित हलका, एक किंचित जड. चेंडू नाहीच, नुसते दांडे हवेत फिरवायचे. आधी हलका, मग मधला, मग जड. उजवीकडून, आणि तितक्याच वेळा डावीकडून. आठवड्यातून तीनच दिवस, मध्ये एक दिवस सुट्टी. हलका दांडा फिरवला की शरीराला कळतं की इतक्या वेगानेही फिरता येतं, आणि मग ते विसरायला त्याला वेळ लागतो, असं बाईंचं म्हणणं.

संध्याकाळी बाकीच्या जणी घरी गेल्या की ती कारखान्यातच थांबू लागली. छत उंच होतं, जागा मोकळी होती. पडद्याचे पट्टे गुंडाळून भिंतीला लावायचे, मधोमध उभं राहायचं. खिडक्यांतून तिरपा उजेड येई आणि दिवसभर कापलेल्या कापडाची तूस त्यात तरंगत राही. हलका दांडा फिरला की ती तूस एकदम फाके, आणि मग सावकाश पुन्हा जुळून येई. सूंऽऽ असा आवाज व्हायचा. सुरुवातीला तो आवाज मागेच व्हायचा, उजव्या कानाशी. तो पुढे व्हायला हवा, बाईंनी बजावलं होतं. चेंडू जिथे असेल त्याच्याही थोडा पुढे. ती डोळे मिटून आवाज ऐकायची. एकेक दिवस तिला वाटे, आपण दांडा फिरवतच नाही आहोत. ही खोलीच आपल्याभोवती फिरते आहे, लाल गुंडाळ्या, खिडक्या, उजेड, सगळं, आणि आपण मधोमध स्थिर उभ्या आहोत. मग दांडा थांबे, आणि यंत्रावर आकडा दिसे.

एकशे चार. एकशे सात. सहाव्या आठवड्यात एकशे अकरा.

आणि तिथेच गाडं अडलं. एकशे अकराच्या वर काही जाईना. ती बाईंना न सांगता रोज करू लागली. आकडा खाली आला, एकशे नऊ, एकशे सहा, आणि एका सकाळी कात्री उचलताना कोपरातून अशी कळ गेली की डोळ्यांपुढे काजवे चमकले.

“रोज केलंत?” थाळीवाल्या बाईंनी विचारलं.

तिने दुखरं कोपर पाठीमागे नेलं.

“रोज केलंत. मला मुलींनीही असंच फसवलंय चाळीस वर्षं. तोंडावरून कळतं.” बाईंनी तिच्या हातातून तिन्ही दांडे काढून घेतले. “दोन आठवडे यांना हात लावायचा नाही. पायांचे व्यायाम करा. उड्या मारा. आणि झोपा.”

“झोपू?”

“झोपेतच वाढतं ते सगळं.”

मग ती झोपली. दुपारच्या सुट्टीत गुंडाळ्यांवर डोकं टेकलं की तिचा डोळा लागायचा, आणि स्वप्नात तळं यायचं. त्यात पाणी नसायचं, मखमल असायची. चेंडू तिच्यावर पडून आवाज न करता आत बुडायचा. बाकीच्या जणी तिला उठवायच्या नाहीत. “यांचा पाय बघ, झोपेतसुद्धा वळतोय,” असं एकदा कुणीतरी म्हणालेलं तिने अर्धवट ऐकलं.

त्याच दिवसांत एका मोठ्या नाटकघराचा पडदा तयार झाला आणि तो टांगायला ती स्वतः गेली. रिकामं सभागृह, रंगमंचावर एकच दिवा. पडदा वर चढवला, दोन्ही बाजूंच्या दोऱ्या तपासल्या, आणि दोरीवाल्याने चाचणीसाठी पडदा झटक्यात ओढला. ती पहिल्या रांगेत बसली होती. वरची कड आधी निघाली. खालची, जिच्या शिवणीत तिने स्वतः शिशाची साखळी घातली होती, ती क्षणभर जागेवरच राहिली, जणू तिला निरोपच पोचला नव्हता. मग कापडातून एक लाट खाली उतरत गेली, आणि वरचं थांबता थांबता खालची कड अशी झपकन आली की सभागृहातली हवा तिच्या तोंडावर आदळली.

“परत ओढा,” ती म्हणाली.

“का? अडकलं का कुठे?”

“नाही. परत ओढा.”

दोरीवाल्याने चार वेळा ओढला. ती बघत राहिली. तीस वर्षं तिने पडदे शिवले होते, पण ते कसे निघतात हे कधी पाहिलं नव्हतं. आपण हातांनी सुरुवात करतो, तिच्या मनात आलं. हात सगळ्यात शेवटी आले पाहिजेत. पाय, मग कंबर, मग खांदे. हातांना निरोप सगळ्यात उशिरा.

दोन आठवडे संपल्यावर दांडे परत मिळाले त्या संध्याकाळी दादा कारखान्यात आला. वहिनींनी डबा पाठवला होता, असं त्याने सांगितलं. डबा रिकामा होता. तो गुंडाळ्यांवर बसला, दुखरा हात मांडीवर धरून. ती मधोमध उभी राहिली. हातांना काही सांगितलंच नाही. डावी टाच टेकवली, कंबर निघाली, आणि मग कुठूनतरी मागून, आपला नसल्यासारखा, दांडा आला आणि निघून गेला. आवाज पुढे झाला. कापडाची तूस जणू पार खिडकीपर्यंत उडाली.

दादाने वाकून यंत्राकडे पाहिलं. मग म्हणाला, “हे बिघडलंय का?”

“का? किती?”

“एकशे अठरा.”

खाली रस्त्यावर कुणाची तरी सायकल घंटी वाजवत गेली.

“मला आता पंच्याण्णवसुद्धा होत नाही,” दादा म्हणाला. “परवा सरावाला गेलो होतो मी, एकटाच. कुणाला सांगू नकोस.”

ती त्याच्याजवळ जाऊन बसली. त्याने तिच्या हातातला हलका दांडा घेतला, उलटसुलट करून पाहिला, परत दिला.

“उठ. परत मार. मी आकडा सांगतो.”

त्यानंतर तो प्रत्येक वेळी आला.

स्पर्धेच्या सकाळी धुकं पडलं होतं, आणि उठायचं नावच घेईना. सहा होल कसेबसे झाले. दादाचे फटके आखूड जात होते, तिचे लांब पण आडवेतिडवे. सातव्यावर ते पोचले तेव्हा तळंच दिसत नव्हतं. काठचं गवत, मग हातभर काळं पाणी, आणि त्यापुढे नुसतं पांढरं. पुढची जोडी लांब गेली की पलीकडच्या काठावरचा पंच शिट्टी वाजवायचा, मग मारायचं, असं ठरलं होतं. शिट्टी वाजली. ती कुठून आली तेही कळेना.

“मी कुठे मारू?” तिने विचारलं.

दादा तिच्या मागे उभा राहिला आणि चांगल्या हाताने पांढऱ्यात बोट दाखवलं. “तिथे. मी वीस वर्षं मारलाय. तळं जागचं हललेलं नाही.”

तिने चेंडू ठेवला. काठी सुईसारखी धरली. काही दिसत नव्हतं ते एका परीने बरंच होतं; कारखान्यात डोळे मिटून उभं राहिल्यासारखं. टाच टेकली, कंबर निघाली. टक्क असा आवाज झाला आणि चेंडू पांढऱ्यात शिरला, आणि मग नाहीच.

दोघं कान देऊन उभे राहिले. पाण्यात चेंडू पडला की डुबुक होतं, तो आवाज दोघांना पाठ होता. एक क्षण गेला. दुसरा गेला. दूर कुठेतरी पाखरू पाण्यावर पंख झाडत होतं. दादाने तिच्या कोटाची बाही धरली होती आणि त्याला ते ठाऊक नव्हतं.

मग धुक्यातून पंचाचा रागावलेला आवाज आला, “अहो, कुणाचा हा? माझ्या बुटाला लागला!”

दादा खाली बसला. गवत ओलं होतं, तरी बसला, आणि इतका हसला की त्याला खोकला आला.

चेंडू काठापासून चार पावलं आत, उतारावर होता. पुढचा फटका दादाचा. ग्रीन पन्नास मीटरवर. तिथे छातीच्या वर हात न्यायची गरजच नव्हती. त्याने अर्धाच हात मागे नेला आणि काठीने चेंडू हळूच उडवून ग्रीनच्या कडेला टाकला. तिचा पुढचा फटका भोकाच्या ओठावर जाऊन थांबला, उरलेला दादाने बोटभर ढकलला. चार. त्या दिवशी तो होल चार फटक्यांत संपवणं मोजक्याच जोड्यांना जमलं.

आठव्यावर त्यांनी नऊ मारले, ती गोष्ट वेगळी.

चौदा जोड्यांत ते दहावे आले. थाळीवाल्या बाईंनी तिला मिठी वगैरे मारली नाही. कोपर दाबून पाहिलं, दुखतंय का विचारलं, आणि हिवाळ्यात दांडे सोडू नका म्हणाल्या. दादाला त्यांनी डावा हात पुढे करायला सांगितला आणि त्यात हलका दांडा दिला. “तुम्ही डावीकडून सुरू करा. खांद्याच्या डॉक्टरांना आधी विचारा.” दादाने विचारतो म्हणून सांगितलं, आणि खरंच विचारलं.

घरी वहिनींनी दार उघडलं. “कितवे?”

“ते सोड,” बूट न काढताच दादा म्हणाला. “तू आधी बस. सातवा होल. समोर काही म्हणजे काही दिसत नाही. आणि तळं किती? दीडशे मीटर!”

तळं एकशे तीस मीटर होतं. पडदेवालीने त्याच्याकडे पाहिलं, मग आत गेली आणि तिघांसाठी चहाचं आधण ठेवलं. बाहेर दादा उभा राहून सगळं हातांनी करून दाखवत होता, आणि वहिनी मध्येमध्ये “मग? मग?” म्हणत होत्या.