ब्रेकमधली हवा

ब्रेक ऑइलचा वास आला की सत्तरच्या दशकातली नागपूरची ती दुपार आठवते. संध्याकाळी भिवापूरला मिरची खुडणाऱ्या बायकांची मजुरीवाढीची सभा होती, आणि आमच्या जीपच्या ब्रेकच्या नळ्या नुकत्याच बदललेल्या. त्यांतली हवा काढायला मी खाली झोपलो. आमचे वक्ते सीटवर. मी नट आवळेपर्यंत त्यांनी पॅडल दाबून धरायचं, एवढंच काम. पण ओळखीचं कोणी दिसलं की ते उठून जय भीम करत, पाय सुटे, हवा पुन्हा आत. "पाय काहून सोडता जी?" "माणसाले मान द्या लागते गा." "अन् तिकडं बायका वाट पाहून राहिल्या, त्याइले?" पोचलो तेव्हा बायका चुली पेटवायला घरी गेल्या होत्या. रिकाम्या पटांगणात वक्त्यांनी तरीही भाषण केलं. त्या भाषणाचा मला आजही राग येतो, कारण ते उत्तम होतं.