माझ्याच गावात म्हटलेला पाठ

भिक्खुणीचं चीवर घेऊन दोन वर्षं झाली तरी मला एक सूत्र सलग म्हणता येत नव्हतं. शाळेत मी कधी गेलेच नव्हते. नवरा वारल्यावर तिसाव्या वर्षी मालेगावजवळच्या विहारात, थोरल्या आर्याजींकडे आले; भिक्खुणीला आमच्यात आर्याजी म्हणतात. तिथे आम्ही चौघी भिक्खुणी. बाकीच्या घडाघडा पाली म्हणत; मी मधेच अडखळे. 'डोस्कं भादरलं, आता भीक मागून खाय,' हे भावाचे शब्द तेव्हा फार खुपत.

मोठ्या दुष्काळानंतरच्या वैशाख पौर्णिमेला माझ्याच गावाहून, किन्हीराजाहून, संकटं टळावीत म्हणून म्हणायच्या परित्राण पाठाचं बोलावणं आलं. आर्याजी तापाने फणफणलेल्या, दोघी त्यांच्या सेवेत. "तूच जाय," आर्याजी म्हणाल्या.

"अन् चुकलं त?"

"पुन्ना म्हणजो. पाठ तुह्या नावासाठी नाही, आयकणाऱ्यासाठी हाय."

मालेगावच्या स्टँडवर मनात सूत्र म्हणू लागले, तर सगळंच पुसलं गेलेलं. डोळे भरून आले. परत फिरावं म्हणून उठले. शेजारी पोहरादेवीला निघालेली एक बंजारा म्हातारी बसली होती.

"काहून रडून राह्यली माय?"

मी खरं ते सांगितलं.

"मंग मले म्हणून दाखव. मले त त्यातलं कायीच समजत नाही. मले कायले भ्याचं?"

मी डोळे मिटले. पहिला शब्द आला, त्यामागून दुसरा. शेवटापर्यंत कुठेच अडले नाही. डोळे उघडले तेव्हा म्हातारी हात जोडून बसली होती. तेवढ्यात तिची गाडी लागली आणि नाव विचारायचं राहूनच गेलं.

किन्हीराजाचा विहार भरून लोक अंगणात बसले होते. भाऊ सगळ्यात मागे उभा. मी पाठ सुरू केला, आणि माझाच आवाज मला नवा वाटला. संपल्यावर 'साधु, साधु, साधु' असा गजर झाला; त्यात बायांचा आवाज सगळ्यांत मोठा. गर्दीतून वाट काढत भाऊ पुढे आला आणि त्याने तीनदा वंदन केलं.

"आर्याजी," मला, आपल्या धाकट्या बहिणीला, तो म्हणाला, "मी चुकलो. माह्या पोरीले तुमच्यापाशी धाडतो. तिले शिकवजा."

स्टँडवर ती भेट कशी घडली, याचा शोध मी कधी घेतला नाही. 'मला जमेल का' ही चिंता त्या दिवशी गळून पडली आणि पाठ मोकळा झाला, एवढं मात्र मला ठाऊक आहे. पुढे गावोगाव पाठ केले. अजूनही आसनावर बसताना समोरच्यांना मनोमन वंदन करते, आणि स्वतःला धम्माच्या हाती सोपवून तोंड उघडते.