बिल्ला, माळी आणि नाहीशी झालेली कात्री

पेपरातले बाकीचे सगळे प्रश्न उरकले होते, एकटा सतरावा तेवढा ठाण मांडून बसला होता. पुस्तकबाईंनी पायातली चप्पल काढली, घातली, पुन्हा काढली. पुढच्या बाकावरची मुलगी वळून बघायला लागली, तेव्हा कुठे त्यांचे पाय गप्प झाले. मग पेन्सिल टकटकायला लागली.

नाटक कंपनीत सव्वीस वर्षं प्रॉम्प्टिंग केलेल्या या बाई. विंगेत स्टुलावर बसायचं, मांडीवर नाटकाची वही, हातात बारकी बॅटरी, आणि नट अडला की पुढचे दोन शब्द हळूच पुरवायचे. खरं नाव हजेरीपटावरच राहिलं, सगळ्यांच्या तोंडी पुस्तकबाईच. किती नामवंतांची अब्रू त्यांनी त्या अंधारातून वाचवली असेल! टाळ्या अर्थातच नामवंतांनी घेतल्या, आणि बाईंनीही त्या नामवंतांसाठी मनापासून वाजवल्या.

त्यांच्या मनाला लागलं ते दुसरंच. दोन वर्षांपूर्वी कंपनीचे पडदे रंगवणाऱ्या पेंटरकाकांना एका दिवसात घरी बसवलं. बाईंनी त्यांचा अर्ज लिहिला, कामगार कार्यालयात त्यांच्याबरोबर गेल्या. साहेबांनी मान वर करून विचारलं, "तुम्ही वकील आहात का?"

"नाही."

"मग बाहेर बसा."

बाई बाहेरच्या बाकावर बसल्या आणि आत पेंटरकाका बिचारे गोंधळून नको त्या कागदावर सही करून आले. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी अडलं होतं आणि पुस्तकबाईंना शब्द पुरवता आले नव्हते. त्या आठवड्यात त्यांनी लॉ कॉलेजच्या प्रवेश परीक्षेचा फॉर्म भरला.

पहिल्या वर्षी तीन गुणांनी हुकलं, तेही तर्काच्या प्रश्नांत. आता ही शेवटची संधी. कॉलेजात सकाळच्या वर्गाला यंदानंतर नवे प्रवेश मिळणार नव्हते, आणि संध्याकाळच्या वर्गाच्या वेळी तर प्रयोग. यंदा नाही तर कधीच नाही.

लेकीने घरी शिकवायची शिकस्त केली. ती गणिताची शिक्षिका, संयमाची पुतळी, पण आईपुढे तिचाही पारा चढायचा.

"सगळे डॉक्टर पांढरा कोट घालतात. या माणसाने पांढरा कोट घातलाय. काय सांगता येईल?"

"डॉक्टर आहे तो. उगाच कोट घालून आणलाय का त्याला?"

"कुणी आणलाय? नाटकात नाही येत तो, प्रश्नात येतोय! न्हावीही असेल, आई."

"मग लेखकाने तसं सांगायला नको?"

"इथे लेखक नाहीये गं!"

"म्हणूनच असली भिकार वाक्यं," असं म्हणून बाई चहा ठेवायला उठायच्या.

आता समोर सतरावा. 'व्यवस्थापक ज्यांना गोदामात सोडतो, त्या प्रत्येकाकडे पितळी बिल्ला असतो. माळ्याकडे पितळी बिल्ला आहे. गोदामातली कात्री नाहीशी झाली आहे. ही माहिती खरी धरल्यास कोणतं विधान नक्की खरं?'

बाईंच्या डोक्यात धडाधड पडदे उघडले. पहिला प्रवेश, बागेत माळी. दुसरा, खिशात चमकणारा बिल्ला. तिसरा, कात्री गायब! पर्याय 'अ' म्हणत होता, कात्री माळ्याने नेली. छे, चोरीचा आळ फार झाला. 'ब' म्हणत होता, माळ्याला गोदामात सोडतात. पेन्सिल 'ब'वर टेकली. आणि तिथेच हात अडखळला. ही तीन वाक्यं एकमेकांना ओळखतात असं लिहिलंय कुठे? घड्याळात बारा मिनिटं उरली होती.

थोरल्या नटवर्यांची एक गोष्ट त्यांना नेमकी तेव्हाच आठवली. बाईंचं कंपनीतलं पहिलंच वर्ष. रंगमंचावर घर सोडून निघालेली मुलगी विचारते, "जाऊ मी?" आणि बाप गप्प. एक क्षण, दोन, तीन. बाईंना राहवेना. त्यांनी विंगेतून वाक्य दिलं, "जा." पहिल्या तीन रांगांनी ते ऐकलं. प्रयोगानंतर तोंडाचा रंग पुसत नटवर्य शांतपणे म्हणाले, "बाई, मी विसरलो नव्हतो. थांबलो होतो."

त्यानंतर बाई नटांच्या बोटांकडे बघायला शिकल्या. विसरलेल्याची बोटं चुळबुळतात, थांबलेल्याची निवांत असतात.

त्यांनी प्रश्न परत वाचला. तीन वाक्यं, तिन्ही निवांत. कुणीही विंगेकडे बघत नव्हतं. जिथे लिहिणारा थांबलाय, तिथे आपण बोलायचं नाही. मग हातात काय उरतं? पहिलं वाक्य. आत सोडतात त्या प्रत्येकाकडे बिल्ला. म्हणजे ज्याच्याकडे बिल्ला नाही, त्याला व्यवस्थापक आत सोडत नाही. पर्याय 'क'. माळी, कात्री, सगळं राहू दे आपापल्या जागी.

बाईंना हायसं वाटलं ते जेमतेम चार श्वास. मग आधीचे प्रश्न आठवले. चौथा, नववा, अकरावा, चौदावा! तिथेही आपण मध्येच बोललो की! बाईंनी पानं फडाफडा मागे उलटली, खोडरबर इतक्या जोरात चालवलं की कागदाचा लगदा निघाला. चौथा बदलला. नववा बदलला. "पाच मिनिटं," पर्यवेक्षक म्हणाले. अकरावा दोनदा वाचून बदलला. चौदाव्यातलं दुसरं वाक्य वाचत असतानाच घंटा झाली. अशी दुष्ट घंटा त्यांनी उभ्या आयुष्यात ऐकली नव्हती.

फाटकाशी लेक उभी होती. "काय गं, कसा गेला पेपर?"

"माळी सुटला."

"कोण माळी?"

"म्हणजे, सुटला असंही नाही म्हणता येत. त्याच्याबद्दल काही माहीतच नाही आपल्याला."

लेक रस्त्यात टाळी वाजवून हसली. बाईंना हसू येईना. चौदावा पुढचे पंधरा दिवस त्यांच्या घशाखाली उतरला नाही. प्रयोग चालू असताना त्या तीनदा भलतंच पान उलटून बसल्या, तशा सव्वीस वर्षांत कधी बसल्या नव्हत्या.

यादी लागली. लेकीने खालून वाचायला घेतली, म्हणून लवकर सापडलं. खालून पाचवं नाव. लेकीने ते मोठ्यांदा वाचलं, तेव्हा बाईंना क्षणभर कळेचना ही कोण.

दुपारीच त्यांनी कंपनीच्या मॅनेजरला फोन लावला. "मॅनेजरसाहेब, सोमवारपासून सकाळच्या तालमींना मी नाही. एक वाजल्यानंतर येईन."

"वा! आणि दहा ते एक पुस्तक कोण धरणार? तो नवा हिरो चार ओळींत सहा वेळा अडतो. तोवर काय करायचं त्याने?"

"पाठ करायचं," बाई म्हणाल्या.