आक्कांची वर्षाची तपासणी

आमच्या थोरल्या जाऊबाई, आक्का, ज्या थाटात तपासणीला जायच्या, त्या थाटात उंब्रजची एकही नवरी मांडवात गेली नसेल. दुखणं म्हणाल तर काडीचं नाही! थोरले दीर फौजेत. छावणीतल्या डॉक्टरीणबाईंनी आक्कांना सांगून ठेवलेलं, काही होत नसलं तरी गर्भाशयाचं तोंड वर्षातून एकदा तपासून घ्यावं. झालं! मार्गशीर्ष लागला की बाई निघाल्या मिरजेला. आठ दिवस आधीपासून टाचा घासायच्या, ठेवणीतलं इरकल उन्हात घालायचं, खण-नारळ बांधायचा. टेबलावरून उतरल्या की आधी तिथल्या डॉक्टरीणबाईंची ओटी. त्यांना पदर नाही, तर पांढऱ्या कोटाचा सोगा पसरायला लावला. "माजी कूस बगती ती, मग तिची वटी नको व्हय भराया?"

आठवड्यानं दवाखान्याचं कार्ड यायचं. ते आक्का पाणवठ्यावर मास्तरांकडून मोठ्यांदा वाचून घ्यायच्या. "गर्भाशय निरोगी आहे," एवढं वाचताना मास्तर घामाघूम. "आवं, पुटपुटू नगा, समद्यास्नी ऐकू द्या!" मूल नसलेल्या बाईचा हा तोरा! आणि मी तीन लेकरांची आई, चुलीपाशी नुसती जळायची. मी तापानं फणफणले तरी सासूबाई भाकरीला उठवायच्या. हिला मात्र सबंध दिवस मोकळा, शिवाय परतताना स्टँडवर भडंग.

दुष्काळ सरला त्याच्या दुसऱ्या वर्षी मला पाळी नसतानाही अंगावरून रक्त जायला लागलं. लाजेनं गप्प बसले. धुणं धुताना आक्कांनी ओळखलं. घरातून मिरजेची फेरी वर्षाला एकच. सासूबाई कडाडल्या, "दोगी गेल्याव भाकरी कोन थापनार?"

"मी हाय की. औंदा धाकटी जाईल."

"आणि तुजं?"

"माजं काय, ऱ्हाईलं."

मी ह्यांच्याबरोबर जाऊन आले. कार्ड आलं ते 'ताबडतोब या' म्हणून. आजार अगदी सुरुवातीला सापडला होता. ऑपरेशन झालं, वाचले. दवाखान्यातून आल्यावर महिनाभर आक्कांनी मला तांब्याही उचलू दिला नाही, आणि मी तेव्हाही मनात म्हणत होते, हिला काय, रिकामीच आहे.

आता आक्का नाहीत. गावानं जिला वांझ म्हटलं, तिला वर्षातून एकदा कागदावर लिहून मिळायचं की तिच्यात काही खोट नाही. तेवढंच तिचं होतं, आणि त्या वर्षी ते तिनं मला देऊन टाकलं. माझा हेवा अजून गेलेला नाही. तिच्या जागी मी असते, तर दिलं नसतं.