तिच्याकडची पानं

नव्वदच्या दशकात आंबेगाव तालुक्यातल्या आमच्या मुलींच्या वसतिगृहात इंग्रजी डिक्शनरी एकच होती. तिच्यावरून रोज ओढाताण व्हायची. शेवटी बाईंनी वैतागून ती उसवली आणि थोडी थोडी पानं दोऱ्याने शिवून आम्हाला वाटली. आपापली पानं पाठ करायची आणि दुसरीला अर्थ सांगायचे.

माझ्या वाट्याला सी, ओ, एन या अक्षरांनी सुरू होणारे शब्द आले. कन्सेंट म्हणजे संमती, कन्सीड म्हणजे कबूल करणे, कन्सील म्हणजे लपवणे. सगळ्यांची तोंडं सारखी आणि अर्थ भलतेच! एक पाठ केला की आधीचा पुसला जायचा. डोकं नुसतं भणभणायचं.

आहुपे गावच्या मुलीकडे एस, टी, आरची पानं होती. दिवाळीत ती भात काढायला घरी गेली ती पानं घेऊनच. तुळशीचं लग्न लागलं आणि पाठोपाठ तिचंही. धड्यात तिच्याकडचा शब्द आला की मी अडायचे आणि तिच्या नावाने बोटं मोडायचे. लग्न कर ना खुशाल, पानं कशाला नेलीस? एसटीच्या कंडक्टरकडे मी चिठ्ठी दिली, "पानं तेवढी लगेच पाठव." लग्नाबद्दल एक अक्षर लिहिलं नाही.

आठवड्याने फडक्यात बांधलेली पानं आली. प्रत्येक शब्दापुढे पेन्सिलीची खूण होती. शेवटच्या पानाखाली तिने लिहिलं होतं, "माझी समदी पाठ झाली. बाईंना इचार, आता मला कोणती पानं देणार?"